चौथ्या बाईच्या हातावरचे नाव

३ ऑगस्ट २०२५, रविवार. लातूर

जे घडले ते आधी क्रमाने.

१. सन १९८२. देवणीच्या पुढे रोजगार हमीवर पाझर तलावाचे काम चालू होते. तेव्हा देवणी तालुका नव्हता आणि लातूर जिल्हाही नव्हता. जिल्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला. त्यामुळे कागद दोन ठिकाणी आहेत.

२. जानेवारी ते मार्च या काळात त्या कामावरच्या चार बायका मारल्या गेल्या. चौघींचा गळा आवळलेला, अंगावरची चांदी काढून घेतलेली.

३. पहिली अंबिका, वय ३०, दोन मुलींची आई. दुसरी शेवंताबाई, वय ४५, विधवा. तिसरी कोंडाबाई, वय १९, लग्नाला सात महिने झालेले.

४. चौथी २१ मार्चला मुरमाच्या ढिगाखाली सापडली. मृत्यू अंदाजे तीन आठवडे आधीचा. हजेरीपटावर नाव नाही. पंचनाम्यात 'अनोळखी स्त्री, वय अंदाजे २५'.

५. चौथीच्या अंगावर: हिरवे लुगडे. डाव्या पायात एकच जोडवे राहिलेले. दोन्ही पायांत पुरुषी मापाच्या टायरच्या चपला, उजवीचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला. निकालपत्रात या चपला 'आरोपीच्या असाव्यात' असे आहे; माप घेतल्याची नोंद नाही. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला 'भारत' असे गोंदलेले, खाली तीन ठिपके.

६. पोलिसांनी भारत नावाचा नवरा सोळा गावांत शोधला. सापडला नाही.

७. कामावरचा मुकादम पकडला गेला. तिघींच्या खुनासाठी जन्मठेप झाली. चौथीची ओळख पटली नाही म्हणून तो आरोप टिकला नाही. मुकादम १९९४ मध्ये तुरुंगात आजाराने मेला.

८. हे प्रकरण आजही मुकादमाच्या नावाने ओळखले जाते.

ते नाव मला माहीत आहे. या वहीत लिहिणार नाही, पुस्तकातही नाही.

पुस्तकाची चार प्रकरणे, चौघींची. तीन लिहून झाली. चौथ्याला मथळा नाही. छपाई १ डिसेंबरला. तोपर्यंत नाव मिळाले नाही तर ही बाई दुसऱ्यांदा अनोळखी म्हणून पुरली जाईल, आणि या वेळी पुरणारी मी असेन.

मी एका खासगी प्रयोगशाळेत सोयाबीनचा ओलावा आणि तेलाचे प्रमाण तपासते. लॅबच्या वहीचा नियम इथेही पाळणार: खाडाखोड नाही, पान फाडायचे नाही. चूक झाली तर तिच्यावर एक रेघ, खालचे वाचता येईल अशी. शेजारी सही आणि तारीख.

९ ऑगस्ट

प्रकाशक उमाशंकर यांच्या प्रेसवर गेले. त्यांनी मुखपृष्ठ करून ठेवले होते. मुकादमाचा कोर्टाच्या आवारातला फोटो, डोळे लाल केलेले, वर त्याचे नाव, खाली 'बायकांचा कर्दनकाळ'. माझे नाव सर्वांत खाली, बारीक.

मी म्हटले, पुस्तकात हा माणूस सात पानांपेक्षा जास्त नाही.

"मॅडम, लोक मारनाऱ्याला वाचतात. मेलेलीला कोन वाचतंय?"

मी करारातले कलम सहा काढून दाखवले. मुखपृष्ठाला लेखिकेची लेखी मान्यता लागते. ते कलम त्यांनीच घातले आहे. बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी करारातून जसेच्या तसे उचललेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले. मग चहा सांगितला. एकच.

निघताना म्हणाले की चौथी अनोळखी आहे तेच बरे, वाचकाला गूढ लागते. मी म्हटले, ती गूढ नव्हती. तिला नाव होते, पोलिसांकडे नव्हते.

१७ ऑगस्ट, रविवार

देवणीला जाऊन आले. मंजुळाबाई, वय ७४, त्या तलावाच्या कामावर होत्या. चौघींना पाहिलेल्यांपैकी आता हयात सापडलेल्या एकट्या. दारात त्यांची गाय बांधलेली, पांढऱ्यावर काळे ठिपके. मला गायीपेक्षा कमी महत्त्व मिळाले. आधी तिला पेंड झाली, मग माझ्याकडे वळल्या.

"पुस्तक लिहायलीस म्हनं. त्या मुडद्या मुकादमावर?"

चौघींवर, मी म्हटले.

"चौघी कुठल्या? सगळे तिघीच म्हंत्यात."

मी पंचनाम्यातला चौथीचा उतारा वाचून दाखवला. हातावरचे नाव आणि नवऱ्याचा सोळा गावांतला शोध इथपर्यंत आले तेव्हा त्या हसायला लागल्या. सुनेला हाक मारून बाहेर बोलावले आणि मला ते परत वाचायला लावले. सूनही हसली. मी कारण विचारले.

"अगं बाई, नवऱ्याचं नाव आमी तोंडानं घेत न्हाई. हातावर गोंदून मिरवंल कोन? हातावर भाऊ असतोय." बाही सारून त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. निळसर पडलेले 'दत्तू'. "ह्यो माझा. गोंदनारीन जत्रंत यायची. आठ-धा वर्साच्या पोरी आमी, नवरा कुठला तवा?"

पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या आहेत, दोघे पुरुष. फौजदार बाहेरच्या जिल्ह्यातला. आणि मी. मीही सात महिने हजेरीपटांत भारत नावाचा नवरा शोधत होते. आमच्या घरात कोणाच्या हातावर गोंदण नाही, हे कारण आहे, सबब नाही.

यानंतरचे त्यांच्या शब्दांत, कारण ते मी फोनवर रेकॉर्ड केले आहे.

"ती तिन्हीसांजंला आलती, हिरव्या लुगड्यात. आमच्या चुलीपाशी बसली. भाकर दिली, खाल्ली. नाव राजकन्या. म्हनली, नायगावाकडली हाय, नांदेड जिल्हा. अर्जुनाची लेक. माझ्या बापाचंबी नाव अर्जुन, म्हनून ध्यानात ऱ्हायलं. सासरी मारत हुते. म्हायेरला गेली तर बापानं हाकललं, भावानं गाडीत बसवलं. एवढंच बोलली. सकाळच्याला न्हवती. मुकादम म्हनला, दुसऱ्या टोळीला लावली."

मी विचारले, हे त्या वेळी पोलिसांना का सांगितले नाही.

"इचारलं कुनी? चाळीस बाया हुतो कामावर. मुडदा बघायलाबी जाऊ दिलं न्हाई. अन् तू तरी आत्ता यायलीस, तिरचाळीस वर्सानं."

हा आरोप मला लागू होत नाही. माझा जन्म १९९८ चा आहे. मात्र तसे म्हटले नाही. त्यांनी पेंडीचे हात लुगड्याला पुसले आणि सुनेला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितले.

२२ ऑगस्ट

नायगाव तालुक्याच्या मतदार याद्या उतरवून घेतल्या. नाव भारत, वडील अर्जुन किंवा अर्जुनराव, वय ५८ ते ६८. सात माणसे. यादीत वडिलांचे नाव असते म्हणून हे शक्य आहे. मुलीचे नाव लग्नानंतर त्या यादीतून जाते आणि नवऱ्याच्या नावाखाली दुसऱ्या गावात उगवते. राजकन्या कुठेच उगवली नाही.

आनंदराजचा फोन आला. घेतला नाही.

आनंदराज माझा धाकटा भाऊ. नायगाव तालुक्यातच जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. त्याला विचारले असते तर सात माणसे एका दिवसात मिळाली असती. विचारणार नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांनी, म्हणजे लिंबाजींनी, मी ठरलेले लग्न मोडले म्हणून मला नांदेडच्या घरातून जायला सांगितले, तेव्हा तो दारात उभा होता. एक शब्द बोलला नाही. नंतर माझी बॅग स्टँडपर्यंत आणली, लातूरचे तिकीट काढून दिले. तेव्हाही बोलला नाही. न बोलणे म्हणजे संमती, असे मी धरते.

७ सप्टेंबर, रविवार

नायगाव. नांदेडवरून गाडी सोयीची होती, मुखेडवरून गेले.

सातांपैकी तिघांशी आधी फोनवर बोलणे झाले होते, एक वारला आहे. आज उरलेले तीन. पहिल्या दोघांनी एकच प्रश्न विचारला: "कोन राजकन्या?"

तिसऱ्याने तो विचारला नाही.

भारत अर्जुनराव, वय ६३. स्टँडच्या रस्त्याला त्यांचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. आडनाव इथे लिहीत नाही. अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, पायात काही नाही, टाचा भेगाळलेल्या. मला शेतकऱ्याची मुलगी समजून त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची पुढे ओढायला घेतली. कुठल्या, म्हणून विचारले. आडनाव विचारले. सांगितले. खुर्ची होती तिथेच राहिली.

मी उभ्याने सांगितले, क्रमाने. राजकन्या हे नाव आले तेव्हा ते वजनकाट्यावरची पिशवी सरळ करत होते. ती आधीच सरळ होती.

"बहीन न्हाई मला," ते म्हणाले.

मी म्हटले, तुम्ही कोणती राजकन्या ते विचारले नाही.

मी पंचनाम्याची प्रत पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली नाही. मी काउंटरवर ठेवली. हातावरच्या गोंदणाबद्दल सांगितले. वरची त्वचा गेली तरी गोंदण टिकते, कारण ते खालच्या थरात असते, त्यामुळे तीन आठवड्यांनंतरही वाचता येणे शक्य आहे, हेही सांगितले. एखाद्या नातेवाइकाला ही शंका असू शकते.

त्यांनी काट्यावरची पिशवी खाली उतरवली. मग विचारले, "पायात काय होतं?"

प्रश्न विषयाशी संबंधित नव्हता. तरी वाचून दाखवले. टायरच्या चपला, पुरुषी माप, उजवीचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला. आरोपीच्या असाव्यात, हेही.

"दोन्ही पायांत?"

"दोन्ही."

"जावा तुमी. परत यायचं न्हाई."

गिऱ्हाईक उभे होते, दोघे. त्यांना काही न सांगता शटर ओढले. बारा वाजून चाळीस मिनिटे. कुलूप न लावता डांबरी रस्त्यावरून अनवाणी निघून गेले. घाईत चपला विसरले असावेत.

निष्कर्ष: हाच तो भाऊ. त्याला घराण्याची अब्रू बहिणीपेक्षा मोठी वाटते. अशी माणसे मी ओळखते.

८ सप्टेंबर

सकाळी ९.५२ ला अनोळखी नंबर. अंगद, भारतरावांचा मुलगा. चार मिनिटे दहा सेकंद.

तुम्ही कोण, कोणाच्या सांगण्यावरून आलात, आमच्यावर कोण उठलंय, असे विचारून झाले. मग: "आमच्या घरच्या बाईचं नाव तुमच्या पुस्तकात आलं, तर लातूरला येऊन बघतो मी."

'आमच्या घरची बाई' म्हणाला. वडिलांना तर बहीणच नाही.

१९ सप्टेंबर

भारतरावांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवले होते. आज परत आले. पाकिटावर 'घेण्यास नकार'.

मजकूर बरोबर होता. पुरावे अ, ब, क असे दिले होते. शेवटी लिहिले होते की त्यांचे नाकारणे हा खुनानंतरचा दुसरा गुन्हा आहे. ते वाक्य त्यांनी वाचले नाही याचा राग आला.

७ ऑक्टोबर

पावसात सगळ्यांचे सोयाबीन भिजले. एकाही नमुन्यात ओलावा प्रमाणात नाही. लोक काउंटरवर माझ्याशी भांडतात, जणू पाणी मी घातले. एकाने यंत्र खोटे आहे म्हटले. मी दुसऱ्यांदा लावून दाखवले. आकडा तोच आला. त्याने माझ्याकडे पाहिले ते यंत्राकडे पाहिले तसेच.

चौथे प्रकरण: अकरा पाने. मथळा नाही.

१४ ऑक्टोबर

अंगद लातूरला आला. लॅबमध्ये, दुपारी, काउंटरवर गर्दी असताना. बाहेर गाडीत दोन माणसे बसवून ठेवली होती. वय पस्तिसेक, पांढरे कपडे. निवडणुकीला उभे राहायचा विचार दिसतो.

सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला की ही बाई लोकांच्या घरातली मेलेली माणसे उकरते. मी नमुन्यावरची नजर काढली नाही. काढली असती तर वजन चुकले असते.

मग तो काउंटरवर वाकला आणि आवाज खाली आणला. हे मी लगेच नंतर लिहून ठेवले.

"बापू ताटावरून उठून जायलेत. महिना झाला. आजी मरंपस्तोर त्येंना एकच इचारायची, कोनत्या गाडीत बसवलंस रं, कोनत्या गाडीत. बापू काय बोलायचे न्हाईत. तेवढं बास न्हाई का? आता तुमी कामून आलाव?"

मी म्हटले, म्हणजे बहीण होती, हे तुम्ही मान्य करता.

तो काउंटरवरून सरळ झाला. "मानूस हाव का काय तुमी?" म्हणाला आणि गेला.

लॅबच्या मालकीण उमादेवी यांनी आत बोलावले. घरच्या भानगडी कामावर आणायच्या नाहीत. ही घरची भानगड नाही, मी म्हटले. त्या म्हणाल्या, मग कोणाच्या घरची? मी काउंटरवर परत गेले.

संध्याकाळी उमाशंकरांचा फोन. अंगद त्यांच्याकडेही जाऊन आला होता. आता त्यांना गूढ फारच आवडू लागले आहे. कुटुंबाच्या लेखी होकाराशिवाय चौथे नाव छापणार नाहीत. पाने १ डिसेंबरला यंत्रावर चढतील. मथळ्यात 'अनोळखी स्त्री'.

बहीण होती हे सिद्ध झाले, त्याचा आनंद व्हायला हवा होता.

२३ ऑक्टोबर

आज भाऊबीज. आमच्याकडे करत नाहीत. आनंदराज या दिवशी फोन करतो, कारण त्याला शाळेला सुट्टी असते. दोनदा वाजला. घेतला नाही.

मंजुळाबाईंचे रेकॉर्डिंग पुन्हा ऐकले. 'बापानं हाकललं, भावानं गाडीत बसवलं.' राजकन्येने दोघांसाठी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. मी प्रकरणात 'माहेरच्यांनी हाकलले' असे एकत्र लिहिले होते. वाक्य सोपे व्हावे म्हणून. ते मंजुळाबाईंचे नाही आणि राजकन्येचेही नाही. बदलले.

२ नोव्हेंबर, रविवार

पोस्ट घेत नाहीत, मी गेले तर शटर ओढतील, मुलगा मध्ये उभा. पत्र कोणाच्या तरी हातानेच जायला हवे. नायगावात मी एकाच माणसाला ओळखते. अकरा वाजता फोन लावला.

पहिल्या रिंगला उचलला. "बोल ताई."

मी काम सांगितले. कसली विचारपूस नको म्हणून लगेच एक ते आठ मुद्दे वाचले. तो मध्ये बोलला नाही. न बोलण्याची त्याला सवय आहे.

"पाचवा परत वाच," तो म्हणाला. "पायातलं."

वाचले.

"ताई, भारतबापू चप्पल घालत नाहीत."

मी म्हटले, त्या दिवशी घातली नव्हती, मी पाहिले आहे.

"त्या दिवशी न्हाई. कधीच. मे महिन्यातबी. आमच्या शाळेत झेंडावंदनाला येतात, पोरं त्यांना अनवाणी आजोबा म्हणतात. मी एकदा विचारलं, नवस हाय का बापू? म्हणले, न्हाई, देऊन टाकली."

मी म्हटले, यावरून काही सिद्ध होत नाही.

"हाव. सिद्ध काय होत न्हाई."

फोन चालू होता, सेकंद पुढे जात होते. मी ते बघत होते. एक मिनिट बारा सेकंद.

"मला त्या दिवशी स्टँडवर बोलायचं होतं," तो म्हणाला. "गाडी लगेच लागली."

गाडी लगेच लागली नव्हती. पस्तीस मिनिटे उशिरा आली, मला नक्की आठवते, कारण ती पस्तीस मिनिटे तो माझी बॅग खाली न ठेवता हातात धरून उभा होता. ते मी त्याला सांगितले नाही. पत्र आठवडाभरात पाठवते, तू स्वतः द्यायचे, म्हटले.

"देतो. पण मागच्यासारखं लिहू नको."

मागचे त्याने वाचलेले नाही. तरी म्हणाला.

५ नोव्हेंबर

दुरुस्त्या. मूळ ओळींवर प्रत्येकी एक रेघ मारली आहे, सही आणि आजची तारीख घातली आहे. खालचे वाचता येते.

३ ऑगस्ट, मुद्दा ५: 'आरोपीच्या असाव्यात.' हे निकालपत्राचे मत आहे. मी ते तपासल्याशिवाय प्रकरणात घेतले होते. माप घेतलेले नाही हे माहीत असूनही.

७ सप्टेंबर: 'प्रश्न विषयाशी संबंधित नव्हता.' चूक.

७ सप्टेंबर: 'घाईत चपला विसरले असावेत.' चूक.

७ सप्टेंबर: निष्कर्ष. पूर्ण चूक. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, बाप घरात, बहीण अनवाणी निघालेली, म्हणून तो पायातल्या चपला काढून तिला देतो. सासरच्या गाडीत बसवायचे सांगितलेले. ती दुसरीच गाडी मागते आणि तो तिला त्या गाडीत बसवतो. घरी कोणती गाडी ते सांगत नाही, आई मरेपर्यंत नाही. सांगितले असते तर बापाने तिला परत आणून सासरी घातले असते. न सांगितल्याने ती मुरमाखाली गेली. यातले मला फक्त चपलांचे माहीत आहे. बाकी अंदाज, म्हणून प्रकरणात जाणार नाही.

जोवर नाव नव्हते तोवर भारतरावांसाठी ती कुठेतरी सुखरूप पोहोचलेली असू शकत होती. मी नाव घेऊन त्यांच्या दुकानात गेले आणि उभ्याने सांगितले, क्रमाने.

२२ ऑगस्ट: 'न बोलणे म्हणजे संमती, असे मी धरते.' एक रेघ.

९ नोव्हेंबर, रविवार

पत्र लिहिले. तिसरा मसुदा. उद्या सकाळच्या गाडीने आनंदराजकडे जाईल. प्रत खाली.

श्री. भारत अर्जुनराव यांस,
नायगाव.

स. न. वि. वि.

मी ७ सप्टेंबरला तुमच्या दुकानात आले होते. नंतर एक पत्र पाठवले, ते तुम्ही घेतले नाही. बरे केलेत. त्यात मी तुमच्यावर आरोप केला होता. तो चुकीचा होता. मी तो मागे घेते.

तुम्हाला सांगायला हव्या होत्या अशा तीन गोष्टी त्या दिवशी राहून गेल्या.

राजकन्याबाई देवणीच्या पुढच्या कामावर तिन्हीसांजेला पोहोचल्या. तिथे मंजुळाबाई म्हणून होत्या, त्यांच्या चुलीपाशी बसून जेवल्या. मंजुळाबाई आजही आहेत, त्यांना भेटता येते. त्या रात्री तरी त्या उपाशी नव्हत्या आणि एकट्या नव्हत्या.

त्यांनी मंजुळाबाईंना सांगितले, 'बापानं हाकललं, भावानं गाडीत बसवलं.' एवढेच. भावाबद्दल तक्रार केली नाही. हे रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. तुम्हाला ऐकायचे असेल तर आनंदराज ऐकवेल.

चपला दोन्ही पायांत होत्या. शेवटपर्यंत. त्या आरोपीच्या असाव्यात असे मी तुम्हाला वाचून दाखवले, ते कोर्टाचे मत होते, तपासलेले नव्हते. पुस्तकातून ते वाक्य काढून टाकले आहे. त्या जागी काय लिहायचे हे मी ठरवणार नाही. तुम्ही सांगितले नाही तर ती जागा मोकळी राहील.

पुस्तक १ डिसेंबरला छापायला जाते. तुमचा होकार नसेल तर चौथ्या प्रकरणावर 'अनोळखी स्त्री' असे येईल. होकार असेल तर 'राजकन्या' असे येईल. आडनाव, गाव आणि तुमचे नाव येणार नाही. तुमच्या चिरंजीवांना हे दाखवावे. त्यांना माझ्यावर रागवायचे असेल तर ते लॅबवर येऊ शकतात. त्यांचा राग मला समजतो.

पत्र आणणारा आनंदराज माझा भाऊ आहे. त्याच्याजवळ 'हो' किंवा 'नाही' एवढे लिहून, सही करून द्यावे. लिहायचे नसेल तर तोंडी सांगितले तरी तो मला जसेच्या तसे कळवेल, आणि प्रकाशकाला ते पटवणे माझे काम.

कृपया रविवार, ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत उत्तर द्यावे.

लुंबिनी
लातूर